बाबा रात्री साडेनऊला घरी आला की पोरांच्या झोपेचं काय करायचं

माझा नवरा रेल्वेत लोको पायलट आहे. आम्ही नागपुरात अजनीला रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो. एकदा गाडी घेऊन मध्य प्रदेशात इटारसीला गेला की तिथल्या रनिंग रूममध्ये आराम करून परतीची गाडी मिळेल तेव्हा यायचं. कधी दुसऱ्या दिवशी दुपारी येतो, कधी मध्यरात्री. मोठी दुसरीत आहे, धाकटा चार वर्षांचा. पोरांची झोप आणि त्यांचा बाप यांची गाठ घालायचं काम माझ्याकडे.

आधी नियम पक्का करा. आमच्याकडे पावणेनऊला दिवा बंद आणि साडेसहाला उठणं, रविवारीसुद्धा. मग हिशोब मांडा. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलेलं प्रमाण मी धरते: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तीन ते पाच वर्षांच्यांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास. मोठीचे पावणेदहा तास होतात, म्हणजे पाऊण तासाची ढील आहे. धाकट्याची कसर दुपारी भरून निघते. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका म्हटलं, ते मुलांच्या झोपेसाठीच. आपली ढील किती, हे ज्याच्या त्याच्या शाळेच्या वेळेवर ठरतं. ती आधीच मोजून ठेवा, कारण ऐन वेळी मोजायला सवड मिळत नाही.

गेल्या वर्षी जूनअखेरची गोष्ट. शाळा उघडून चारच दिवस झाले होते, पावसाने दडी मारलेली. सव्वानऊला लाईट गेली, कूलर बंद पडला, आणि नुकती डोळा लागलेली दोघंही घामाने उठून बसली. तेवढ्यात वारा सुटला, मातीचा वास आला, आणि दारात दोन दिवसांनी बाबा, खांद्यावर बॅग, शर्ट अर्धा ओला. मोठी ओरडली, "बाबा आले, पाऊस आला, आन् तू झोपवून काऊन राहिली आम्हाले?"

अशा वेळी मी स्वतःला एकच विचारते: हे उद्या संध्याकाळी सहाला मिळेल का? टीव्ही मिळेल. मोबाईलवरचा व्हिडिओ मिळेल. मामाचा फोन मिळेल. पहिला पाऊस आणि बाबा एकत्र मिळणार नाही. उत्तर हो किंवा नाही, मिनिटभरात द्या, आणि दोघांनी एकच द्या. आई नको म्हणते आणि बाप "असू दे ना" म्हणतो, तिथे मुलं रडारड शिकतात. पोराला ताप असेल, सकाळी परीक्षा असेल किंवा आदल्या रात्रीही उशीर झाला असेल, तर बाप कितीही दिवसांनी आलेला असो, माझं उत्तर नाही. लागोपाठ दोन रात्री मी कधीच वाकत नाही.

त्या रात्री मी हो म्हटलं. त्यांना गच्चीवर जायचं होतं. विजा चमकत होत्या म्हणून गच्ची नाही, खालच्या वऱ्हांड्यात. आमच्याकडे पहिल्या पावसात वीज पडून माणसं जातात, त्यामुळे इथे कुणाचीही गंमत चालत नाही. सासूबाई म्हणाल्या, "आलूबोंडे तळू का?" मी हात जोडले. बटाटे उकडून ते तळून होईपर्यंत साडेदहा वाजले असते, आणि तेलकट पोटाने झोप कुठली! घरात तयार असेल तेवढंच काढा. मी मुरमुरे आणि फल्लीदाणे एका मोठ्या वाटीत घातले. चहा नाही, चॉकलेट नाही, दोन्हींत झोप उडवणारं कॅफिन असतं.

आता सगळ्यात उपयोगाची युक्ती. शेवट आधी सांगा, पण मिनिटांत सांगू नका. चार वर्षांच्या पोराला "वीस मिनिटं" म्हणजे काय ते कळत नाही. मी म्हटलं, "वाटी संपली की आत." वाटी त्याच्याच मांडीवर दिली. त्याला दिसत होतं किती उरलंय, आणि शेवटचे दाणे त्याने एकेक करून, खूप वेळ लावून खाल्ले. तेवढा वेळ मी त्याला दिला. बाबा यार्डातून येणारे हॉर्न ऐकून सांगत होता, हा मालगाडीचा, हा सुटायच्या आधीचा. अंधार होता, तो मी तसाच राहू दिला. लाईट आली तेव्हाही ट्यूबलाईट लावली नाही. डोळ्यांवर उजेड पडला, मोबाईलचासुद्धा, की शरीरात झोप आणणारं मेलाटोनिन दबतं. पाऊस पाहा, मोबाईलवर त्याचं शूटिंग करू नका.

आत आल्यावर वेळ वाकवली तरी क्रम वाकवायचा नाही. पाय धुणं, केस कोरडे करणं, दात, गोष्ट, दिवा बंद, रोजच्याच ओळीने. गोष्ट छोटी सांगा, पण सांगा. पूर्वी मी उशीर झाला म्हणून सगळं गाळून त्यांना सरळ गादीवर टाकायची, आणि मग दोघं तासभर उड्या मारायची. वेळ उलटली की लेकरू पेंगत नाही, जास्तच चेकाळतं. झोप आली हे त्याच्या अंगाला त्या ओळीवरूनच कळतं. दहा वाजता दोघं झोपली.

सकाळी उठवायची वेळ तीच, फार तर पंधरा मिनिटं सूट. पडदा उघडा, उजेड येऊ द्या, शरीराचं घड्याळ त्यानेच जागेवर येतं. इथे दया दाखवली तर दुसरी रात्र बिघडते. धाकट्याला दुपारी झोपवा पण तीनच्या आत उठवा, आणि त्या रात्री दोघांना अर्धा तास लवकर आडवं करा.

मोठीने संध्याकाळी विचारलंच, "आजपण बसायचं?" मी म्हटलं, "नाही. काल बाबा आणि पाऊस सोबत आले होते." तिला पटलं नाही, ती रुसली. मी समजूत घालत बसले नाही, पाय धुवायला पाणी काढलं. सव्वाआठला दिवा बंद केला तेव्हा बाबा परत ड्यूटीवर निघायला बॅग भरत होता.