कुपवाड ठाऊक नसलेल्या साहेबासाठी सीव्ही

सांगलीत कुणाला 'कुपवाडला फाउंड्रीत आहे', म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात आहे, म्हणून सांगितलं की पुढचं बोलावं लागत नाही. कास्टिंग कसलं, शिफ्ट कशी, पगार साधारण किती, हे समोरचा मनातल्या मनात जमवून मोकळा होतो. जर्मनीत स्टुटगार्टला बसलेल्या माणसाला यातलं काहीच जमवता येत नाही. तुमच्या कंपनीचं नाव त्याच्यासाठी नुसती अक्षरं असतात, आणि कंपनी पाचजणांची की पाचशे जणांची हेही त्याला कळत नाही. परदेशात अर्ज करणाऱ्या आपल्या पोरांचे सीव्ही मार खातात ते बहुतेक इथेच. इंग्रजी कच्चं असणं हे कारण त्यामानाने दुय्यम आहे.

मी कास्टिंगच्या क्वालिटीत काम करते. सुरुवात कुपवाडला, मग काही वर्षं जर्मनीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटीचं (पुरवठादारांच्या मालाचा दर्जा बघायचं) काम, आणि आता परत सांगलीत. जर्मनीत असताना आमच्या विभागातल्या जागांसाठी आलेले अर्ज चाळायचं काम माझ्याकडेही यायचं. पहिल्या चाळणीत एका अर्जाला मिनिटभरही मिळत नसे. आत्ता काय करतो, कुठे, किती वर्षं, आणि जाहिरातीत मागितलेलं यातलं काय काय येतं, एवढंच नजर शोधत असते. हल्ली सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची, पॉलिटेक्निकची, मिरजेच्या नर्सिंगची मुलं-मुली 'ताई, जरा नजर टाका की' म्हणून फाइल पाठवतात. त्या सगळ्यांना जे पुन्हा पुन्हा सांगते ते इथे लिहिते आहे.

आधी काढून टाकायच्या गोष्टी. वडिलांचं नाव आणि धंदा, जन्मतारीख, विवाहित-अविवाहित, धर्म, जात, पासपोर्ट नंबर, शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र आणि त्याखाली ठिकाण सांगली, दिनांक, सही. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या साच्यात हे सगळं असतं, कारण तो साचा मुळात सरकारी अर्जावरून उचललेला आहे. अमेरिकेत १९६४ आणि १९६७ च्या कायद्यांमुळे, ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यामुळे धर्म, वंश, वय यांवरून भेदभाव झाल्याचा दावा लागू शकतो, म्हणून तिथल्या कंपन्यांना ही माहिती आणि फोटो हातात यायलाच नको असतात. जर्मनीत फोटोची जुनी पद्धत आहे. २००६ च्या कायद्यानंतर तो मागता येत नाही, पण लावला तर कुणी नाक मुरडत नाही. आखाती देशांत मात्र उलट: तिथे फोटो, राष्ट्रीयत्व, व्हिसाची स्थिती, कुठलं ड्रायव्हिंग लायसन्स आहे, हे सर्रास विचारतात. म्हणजे दुबईला चाललेला सीव्ही टोरांटोला तसाच धाडायचा नाही. लांबीचंही तसंच. अमेरिकेत नवख्याला एक पान, ब्रिटनमध्ये दोन, ऑस्ट्रेलियात तीन झाली तरी चालतात. अमेरिकेसाठी कागदाचा आकार ए-फोर ऐवजी लेटर ठेवा.

आता मुख्य गोष्ट. कंपनीच्या नावाखाली एका ओळीत कंपनी म्हणजे काय ते लिहायचं: काय बनवते, किती माणसं आहेत, माल कुणाला जातो. ग्राहकाचं नाव सांगायची मुभा नसेल तर 'युरोपातील पंप उत्पादकांना' एवढं पुरे. किर्लोस्करवाडी १९१० ची, त्यामुळे पंप आणि ओतकाम आपल्या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलंय, आणि 'पंप केसिंग' (पंपाचं बाहेरचं ओतीव कवच) हे आपल्याला मामुली वाटतं. वाचणाऱ्याला ते मामुली नसतं. किती किलोचं केसिंग, कुठल्या धातूचं, महिन्याला किती टन, हे आलं की त्याच्या डोळ्यांपुढे कारखाना उभा राहतो. धातूच्या दर्जाचं नाव त्याच्या भाषेतही द्या. बिडाच्या ज्या दर्जाला आपण एफजी २६० म्हणतो, युरोपात त्याच्या जवळचा दर्जा ईएन-जीजेएल-२५०. दोन्ही लिहिले तर हा माणूस दोन्हीकडची मानकं वाचतो हे न सांगता कळतं.

कामाच्या ओळी लिहिताना आपल्याकडे एक अडचण हमखास येते. कुपवाडच्याच एका मुलाच्या सीव्हीत 'रिस्पॉन्सिबल फॉर क्वालिटी इन फाउंड्री' एवढंच होतं. मी विचारलं, तू नक्की काय करायचास? तर म्हणाला, 'आम्ही सगळे मिळूनच करायचो ओ ताई.' आपल्याकडे स्वतःची टिमकी वाजवणं वाईट दिसतं, आणि ते चांगलंच आहे, पण सीव्ही हा त्याला अपवाद करावा लागतो. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की वाळूतल्या ओलाव्याची नोंद तासातासाला घ्यायची पद्धत यानेच बसवली होती, आणि ब्लो-होलमुळे (ओतकामात वायूमुळे राहणाऱ्या पोकळ्यांमुळे) होणारं रिजेक्शन त्यानंतर जवळपास निम्म्यावर आलं. हे त्याच्या साहेबांनाही मान्य होतं. मग ती ओळ अशी झाली: 'इंट्रोड्यूस्ड अवरली सँड मॉइश्चर चेक्स, ब्लो-होल रिजेक्शन फेल बाय अबाउट हाफ इन सिक्स मंथ्स.' सुरुवातीला क्रियापद, मग काय केलं, मग काय झालं. 'आय' लिहायचं नाही. चालू नोकरी वर्तमानकाळात, आधीच्या नोकऱ्या भूतकाळात.

आकडा नसेल तर बनवू नका. 'अबाउट' लिहिलं तर कुणी फासावर देत नाही. पण मुलाखतीत त्या आकड्यावर पाच प्रश्न येतातच: मोजला कसा, आधी किती होता, आणखी कुठलं कारण असू शकेल? उत्तर नसलेला आकडा तुम्हालाच गोत्यात आणतो. आणि फायद्याचा आकडा नसला तरी कामाचा आवाका सांगणारा आकडा प्रत्येकाकडे असतो. मिरजेच्या नर्सना हे मी नेहमी सांगते. मिरजेला मिशन हॉस्पिटल १८९४ पासून आहे, तिथल्या दवाखान्यांत कर्नाटकातून सुद्धा पेशंट येतात. म्हणजे इथल्या नर्सने जेवढं बघितलेलं असतं तेवढं परदेशातल्या तिच्या वयाच्या नर्सने बघितलेलं असेलच असं नाही. आणि सीव्हीत काय असतं? 'स्टाफ नर्स, आयसीयू, २ वर्षे.' किती खाटांचं आयसीयू, एका शिफ्टला तुमच्याकडे किती पेशंट, व्हेंटिलेटरवरचे किती, कुठली उपकरणं स्वतः हाताळता, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का, हे पहिल्या अर्ध्या पानात आलं पाहिजे. ब्रिटनला जायचं असेल तर ओईटी किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण आणि सीबीटी, म्हणजे तिथल्या नोंदणीसाठीची संगणकावरची परीक्षा, झाली की नाही. जर्मनीला जायचं असेल तर भाषेची पातळी आणि तुमच्या नर्सिंगच्या शिक्षणाला तिथली मान्यता मिळायची प्रक्रिया कुठवर आली ते. नोकरी देणाऱ्याला सगळ्यात मोठी काळजी तीच असते.

भाषेवरून आठवलं. 'मराठी, हिंदी, इंग्लिश: रीड, राइट, स्पीक' हा तक्ता युरोपात कुणाला उपयोगाचा नाही. तिथे ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या आहेत, त्या लिहा. जर्मन ए-टू असेल तर ए-टूच लिहा. मुलाखत घेणारा दोन वाक्यांत ओळखतो.

सातारा-सांगलीच्या मुलांचा हमखास प्रश्न म्हणजे मधली मोकळी वर्षं. इंजिनिअरिंग झालं, मग पुण्याला जाऊन दोन-तीन वर्षं राज्यसेवेची तयारी, पूर्व परीक्षा निघाली, मुख्य राहिली, परत आले. घरात हा विषय निघाला की सगळे गप्प होतात, आणि तीच लाज सीव्हीत उतरते. काहीजण मागच्या नोकरीच्या तारखा ताणून ती वर्षं झाकतात. पीएफच्या नोंदी आणि अनुभवपत्र पडताळायला मागितलं की हे उघडं पडतं, आणि मग खरा अनुभवही संशयात जातो. एक साधी ओळ पुरते: अमुक साल ते अमुक साल, राज्य नागरी सेवा परीक्षांची पूर्णवेळ तयारी, पूर्व परीक्षा उत्तीर्ण. कंसात स्पर्धेचं वर्णन नको, खंत नको. त्या काळात शिकवण्या घेतल्या असतील, भावाच्या दुकानाचे हिशेब बघितले असतील, तर तेही त्याच नोंदीत. भारतात स्पर्धा परीक्षांचं प्रस्थ आहे हे भारतीयांना घेणाऱ्या कंपन्यांना आता माहीत आहे. परत आल्यावर काय केलं, एखादं सॉफ्टवेअर शिकलात का, हाताला काम लावलंत का, याकडे त्यांचं लक्ष जास्त.

घरच्या कामाबद्दलही असंच. तासगावचा एक मुलगा नेदरलँडमध्ये शेतीविषयक कंपन्यांना अर्ज करत होता. सीव्हीत वडिलांचा व्यवसाय शेती, आणि छंदांत वाचन, क्रिकेट. बोलता बोलता कळलं की घरची द्राक्षं युरोपला जातात, अपेडाच्या (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या) ग्रेपनेट या प्रणालीवर बागेची नोंदणी, फवारणीची वही, रेसिड्यूच्या (औषधांच्या उरलेल्या अंशांच्या) तपासणीचे नमुने, हे सगळं चार हंगाम तोच बघत होता. युरोपातल्या द्राक्ष आयातदाराला याहून जवळचा अनुभव कुठला असणार! ते छंदांच्या जागी जाऊन कामाच्या अनुभवात बसलं, तेही पहिल्या नोंदीत. २०१९ च्या महापुरात सांगलीत कितीतरी पोरांनी छावण्यांची स्वयंपाकघरं चालवली, औषधांच्या याद्या केल्या. ते 'सोशल वर्क' या दोन शब्दांत कोंबू नका. किती लोकांची छावणी, तुमच्याकडे कुठलं काम, किती दिवस, एवढं लिहा.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते. नाव पासपोर्टवर असेल तसं. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि मार्कशीटवर माहेरचं असेल तर दोन्ही दिसू द्या. तारखेत महिना अक्षरांत लिहा, कारण ०३/०४ अमेरिकेत मार्चची चार तारीख होते. गुणांपुढे मोजपट्टी हवीच: नुसतं ८.२ लिहिलं तर जर्मन माणूस गोंधळतो, त्यांच्याकडे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ५ म्हणजे नापास. '१० पैकी ८.२' लिहा, स्वतः रूपांतर करायला जाऊ नका. शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर असं गावासह लिहा. लाख-कोटी काढून दशलक्ष करा. दहावी-बारावीचे टक्के पदवीनंतर गरजेचे नाहीत. पगार लिहायचा नाही. नोटीस पीरियड विचारला तरच.

साचा शक्य तितका साधा ठेवा. दोन रकाने, चित्रं, कौशल्यांपुढे पाच पैकी चार चांदण्या, हे दिसायला झकास असतं, पण मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एक सॉफ्टवेअर वाचतं आणि रकान्यांत, चौकटीत, पानाच्या माथ्यावर लिहिलेला मजकूर त्याच्या हाती कधी कधी लागत नाही. तपासायची सोपी युक्ती आहे. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे तो वरून खाली नीट वाचता आला तर ठीक. फोन नंबर गायब झाला किंवा दोन नोकऱ्यांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या, तर साचा बदला.

आणि हो, चॅटजीपीटी. वापरा, स्पेलिंग आणि व्याकरणाला उत्तम आहे. पण हल्ली माझ्याकडे येणारे निम्मे सीव्ही एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात. ज्याने आयुष्यात बैठकही बोलावली नाही त्याने 'स्पिअरहेडेड', म्हणजे नेतृत्व, केलेलं असतं. आधी मराठीत स्वतः लिहून काढा, आईला कळेल असं. मग इंग्रजी करा, आणि मग यंत्राला फक्त चुका विचारा. जो शब्द मुलाखतीत तुमच्या तोंडून येणार नाही तो सीव्हीतही नको.

शेवटचं एजंटांबद्दल. 'अनुभवपत्र आम्ही बनवून देतो, सीव्हीत तीन वर्षं वाढवू' म्हणणारे विटा, कराड, सातारा, सगळीकडे आहेत. व्हिसाच्या वेळी खोटी कागदपत्रं सापडली तर त्या देशाचं दार वर्षानुवर्षं बंद होऊ शकतं, एजंटाचं काही जात नाही. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ई-मायग्रेट या सरकारी साइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी कुणालाही बघता येते, आणि सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. ब्रिटनला बोलावणारी कंपनी असेल तर तिथल्या गृहखात्याची परवानाधारक स्पॉन्सरांची यादी खुली आहे, तीत नाव शोधा. ऑफर लेटर हातात येईपर्यंत पासपोर्टची स्कॅन कॉपी कुणालाही पाठवू नका, सीव्हीसोबत तर नाहीच.