पोपटीतला बटाटा कच्चा राहत होता, त्यावर उपाय

अलिबागकडे थंडीत पोपटी लावतो, म्हणजे मडक्यात शेंगा-बटाटे भरून ते जाळात भाजतो. वालाच्या शेंगा मस्त शिजायच्या, पण बटाटे, कोनफळ (जांभळा कंद) मधोमध कच्चं. जाळ वाढवला की शेंगा करपायच्या.

शेवटी मडकं भरायची रीत बदलली. तळाशी भांबुर्डीचा (रानातली वासाची वनस्पती) पाला, मग लिंबाएवढे बटाटे सालीसकट चीर देऊन, चिरेत जाडं मीठ अन् ओवा दाबून मडक्याच्या कडेला टेकवतो. आच तिथेच जास्त. कोनफळाच्या बोटभर जाड फोडीही तशाच. शेंगा मधे. पाणी थेंबभरही नाही, पाल्याची वाफ पुरते. तोंडाला पाला ठासून मडकं उपडं, वर गवत-लाकडं.

अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र करून लगेच उडालं की झालं. कोंबडी घालणारे घालोत, मला बटाटाच हवा.