आयसी जोडून प्रोसेसर बनवताय? या चुका टाळा

दोन आणि तीन पाच. पुन्हा चालवलं तर सात. परत पाच. ७४एलएस मालिकेच्या आयसी (साध्या लॉजिक चिप) ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरिंग न करता तारा खोचायच्या फळीवर, बसवून आठ बिटांचा प्रोसेसर जोडणाऱ्याला हा अनुभव येतोच, आणि मग तो रात्रभर आकृती तपासत बसतो. आकृती बहुतेक वेळा बरोबरच असते.

आधी मल्टिमीटर काढा. पॉवर सप्लायपाशी नव्हे, सगळ्यात लांबच्या आयसीच्या पिनांवरच व्होल्टेज मोजा. ४.७५ व्होल्टच्या खाली असेल तर ब्रेडबोर्डच्या पॉवर पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी जाड तारा द्या. काही ब्रेडबोर्डांच्या पट्ट्या मधोमध तुटलेल्या असतात, तेही बघून घ्या. प्रत्येक आयसीशेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. इथे कंजुषी नको.

एलईडी रेझिस्टरशिवाय लावू नका. लाल एलईडी आउटपुटला दोन व्होल्टच्या आसपास दाबून धरतो आणि पुढच्या आयसीला 'एक' ओळखायला किमान दोनच व्होल्ट लागतात. म्हणजे सगळं काठावर.

बसवर, म्हणजे सगळ्या भागांना जोडणाऱ्या आठ सामाईक तारांवर, कोणीच बोलत नसताना २५५ (आठही बिट 'एक') दिसलं तर घाबरू नका. एलएस आयसीचा मोकळा इनपुट 'एक' समजला जातो. शून्य हवा असेल तर रेझिस्टरने खाली ओढावं लागतं, आणि इथे सवयीने १० किलोओहम लावले की फसलात. एलएसच्या इनपुटमधून ०.४ मिलिअँपिअरपर्यंत करंट बाहेर येतो. १० किलोओहमवर त्याने ०.८ व्होल्टची मर्यादा सहज ओलांडली जाते. १ किलोओहमवर एका इनपुटमागे फार तर ०.४ व्होल्ट.

दुकानात एलएस नाही म्हणून ७४एचसी मालिकेची आयसी आणलीत? एलएसचा 'एक' २.७ व्होल्टचाही असू शकतो, एचसीला साडेतीन लागतात. एलएसचा 'एक' ओळखणारी ७४एचसीटी मागा.

सगळ्यात छळतो तो रॅम. ७४एलएस१८९ या रॅम चिपचे आउटपुट उलटे असतात ('एक' लिहिला तर 'शून्य' वाचला जातो), हे निदान पटकन कळतं. पण त्याचं लिहिणं क्लॉकच्या कडेवर (तो खालून वर जातो त्या क्षणी) होत नाही. राइट पिन खाली आहे तोवर ते चालूच राहतं. कंट्रोल सिग्नल ईपीरॉममधून (आधीच भरून ठेवलेल्या मेमरी चिपमधून) येत असतील तर तिचा पत्ता बदलताना क्षणभर कचरा बाहेर पडतो आणि तेवढ्यात भलत्याच जागी भलतंच लिहिलं जातं. म्हणून राइट सिग्नल क्लॉकसोबत नँड गेटमधून (दोन्ही इनपुट 'एक' असतील तरच ते 'शून्य' देतं) न्या आणि कंट्रोल शब्द, म्हणजे सगळ्या कंट्रोल सिग्नलचा संच, क्लॉक खाली असतानाच बदलू द्या.