रुमाल सोडण्याआधी : जुने कागद नव्या पेट्यांत हलवण्याचं काम शिकताना

दप्तरखान्यातल्या माझ्या पहिल्याच दिवशी टेबलावर एक लाल रुमाल आणून ठेवला होता. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जाड्याभरड्या कापडात चारी टोकं बांधून केलेलं कागदांचं गाठोडं. आपल्याकडच्या जुन्या दप्तरखान्यांत कागद असेच राहिले आहेत : सुट्या कागदांचं पुडकं, पुडक्यांचा रुमाल आणि रुमालांचं दप्तर. मी गाठीला हात घातला तेवढ्यात तिथे अनेक वर्षं काम केलेले काका म्हणाले, "ताई, थांबा. आधी गाठ बघा, मग सोडा." गाठीच्या पीळात एक चिठ्ठी अडकलेली होती. ओढली असती तर तिचे दोन तुकडे झाले असते. जुना रुमाल क्रमांक फक्त त्या चिठ्ठीवर होता, बाकी कुठेही नाही.

या क्षेत्रात यायचं म्हणणारी मुलं-मुली मला विचारतात, तेव्हा मी ही गाठ आधी सांगते. कागद रुमालातून काढून पेटीत ठेवणं हे ऐकायला आवराआवरीसारखं वाटतं. प्रत्यक्षात जुन्या बांधणीत जी माहिती आहे ती नोंदवल्याशिवाय ती बांधणी मोडायची नाही, हेच या कामाचं मूळ आहे. पेटी कुठली, कागद कुठला, हे सगळं त्यानंतर येतं.

पुण्यातलं पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, १८९१ सालच्या दगडी इमारतीत आहे आणि तिथे रुमाल हजारोंच्या संख्येने आहेत. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जी दप्तरं शोधली, ज्या ध्यासातून १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तीही वाड्यांच्या माळ्यांवरून अशाच गाठोड्यांतून आणि पेटाऱ्यांतून आली. मी काम केलं ते ठिकाण याहून खूपच लहान. पण कागद त्याच जातीचे : रोजच्या जमाखर्चाच्या रोजकीर्दी, वतनाचे कज्जे म्हणजे वाद, देवस्थानांचे हिशेब आणि पुढे इंग्रजी अमदानीतल्या फायली.

एक गैरसमज आधी दूर करते. रुमाल वाईट आणि पेटी चांगली, असं सरळ नाही. कापडातून हवा खेळते, आणि अडीचशे वर्षं कागद टिकले ते त्यातच. जुन्नरी, दौलताबादी अशा जातींचा हातकागद चिंध्यांच्या किंवा तागाच्या लगद्याचा, लगदा करताना त्यात चुना पडलेला, म्हणून तो आतून आम्ल होत नाही. बोरूने लिहिलेली काजळाची शाई उन्हाने विटत नाही. बिघडतं ते वेगळ्याच जागी. गाठ आवळली की कडेचे कागद दुमडतात आणि वर्षानुवर्षं त्याच घडीवर झिजत तुटतात. धूळ शिरते. कागदाला लावलेल्या खळीच्या वासाने कसर, म्हणजे कागद खाणारे किडे, येते. आणि खारव्याचा, म्हणजे रुमालाच्या त्या जाड्याभरड्या कापडाचा, लाल रंग ओल लागली की सुटतो. एका वाड्यातून आलेल्या गाठोड्यावर पानशेतच्या पुराची, म्हणजे १२ जुलै १९६१ ची ओल होती. वरच्या वीसेक कागदांच्या कडांना गुलाबी झालर उमटलेली. काजळाची शाई उन्हाला दाद देत नाही, पण पाण्याने पसरते; तिथे मजकूर गेला तो गेलाच.

गिरणी कागदाचं दुखणं उलटं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तुरटी आणि राळ लावलेला, लाकडी लगद्याचा कागद कचेऱ्यांत आला. हा स्वतःच्याच आम्लाने तपकिरी होतो आणि घडी उलगडताना पापडासारखा मोडतो. वर्तमानपत्राचं कात्रण जर मोडी लिपीतल्या पत्राला चिकटून राहिलं, तर पत्रावर कात्रणाच्या मापाची तपकिरी सावली उमटते. अशी सावली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चटका लागला, कारण ते कात्रण कुणीतरी जपण्यासाठीच आत ठेवलं होतं. अशा दोन कागदांमध्ये आम्लरहित कागदाचं पान घालायचं. कात्रण काढून टाकायचं नाही.

आता माझी चूक. दुसऱ्या महिन्यात मी वेळ वाचवायला दोन पुडकी एकाच वेळी टेबलावर उघडली. मधेच पंख्याचा झोत आला, पाच-सहा कागद सरकले, आणि कुठला कागद कुठल्या पुडक्यातला हे मला सांगता येईना. दोन्ही पुडकी एकाच गावच्या एकाच कज्ज्याची, अक्षरही सारखं. मी ताबडतोब वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी भिंग आणलं, कागद उजेडासमोर धरले आणि मला कसरीची भोकं दाखवली. किडा कागदाच्या थरातून आरपार जातो, त्यामुळे शेजारशेजारच्या कागदांवर भोकं जवळपास एकाच जागी, एकाच आकाराची असतात आणि पानागणिक थोडी थोडी सरकत जातात. त्या वाटेवरून आम्ही दुपारभर बसून सगळे कागद परत क्रमाने लावले. पाण्याच्या डागांच्या कडाही अशाच जुळतात. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर एका वेळी एकच पुडकं असतं आणि कागद हाताळताना पंखा बंद असतो, मे महिन्यातसुद्धा.

मूळ क्रम जपायचा तो उगाच शिस्त म्हणून नाही. तारखेशिवायचं पत्र दोन तारखांच्या पत्रांमध्ये सापडलं, तर त्याचा काळ साधारण ठरतो. तुम्ही ते "विषयवार" लावून ठेवलंत की तो पुरावा संपला. तुम्हाला नवा क्रम कितीही सोयीचा वाटला तरी तो यादीत करा, कागदांत करू नका.

प्रत्यक्ष काम आमच्याकडे असं चालायचं. आधी बांधलेल्या रुमालाचा फोटो, मग गाठीचा, मग उघडल्यावर वरून दिसतो तसा. जुना क्रमांक वहीत. प्रत्येक कागदाच्या पाठीवर कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने हलका क्रमांक. पेन त्या खोलीत न्यायचंच नाही. मऊ ब्रशने मधून कडेकडे धूळ काढायची. फुंकायची नाही, कारण जुन्या दप्तरांत डीडीटी किंवा गॅमेक्झिन या कीटकनाशकांची पांढरी पूड हमखास मारलेली असते. मास्क लावणं ऐच्छिक समजू नका. कडुनिंबाची पानं, वेखंडाचे तुकडे सापडतील. त्यांची नोंद करून वेगळ्या पाकिटात ठेवा. टाचण्या गंजून कागदाला धरून बसलेल्या असतात. त्या ओढायच्या नाहीत. टाचणीखाली पातळ पॉलिएस्टरची पट्टी सरकवून, गंज सुटवत, पातळ सुरीने अलगद उचलायच्या. सेलोटेप निघत नसेल तर राहू द्या, ते संवर्धकाचं काम आहे. लांब पत्रांत एकाखाली एक चिकटवलेले कागद असतात. खळ सुकून सांधा सुटला तर दोन्ही तुकडे एकाच वेष्टणात ठेवा आणि सांधा कुठे होता ते लिहा.

पांढरे सुती हातमोजे घालायचे, असं सिनेमा पाहून अनेकांना वाटतं. कागदासाठी घालू नका. मोज्याने बोटाची जाण जाते आणि फाटक्या कडेत धागा अडकतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका. फोटो आणि निगेटिव्ह यांना मात्र नायट्राइलचे मोजे हवेतच.

पेट्यांच्या बाबतीत विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. "आम्लरहित" छापलेल्या पुठ्ठ्यावर पीएच पेनाची, म्हणजे आम्ल ओळखणाऱ्या पेनाची, रेघ ओढून बघा : जांभळी झाली तर ठीक, पिवळी पडली तर परत पाठवा. हातकागद आहे म्हणजे आम्लरहित असेलच, असंही नाही. आम्ही एकदा सुंदर हातकागदाचा गठ्ठा घेतला आणि रेघ पिवळी पडली. चांगल्या पुठ्ठ्यात कॅल्शियम कार्बोनेटचा थोडा साठा असतो, तो पुढे येणारं आम्ल शोषतो. साध्या कागदपत्रांना हे उत्तम. पण जुने निळे नकाशे, म्हणजे ब्लूप्रिंट, अल्कली लागली की फिके पडतात; त्यांना असा साठा नसलेला कागद लागतो. प्लॅस्टिक वापरायचंच तर पॉलिएस्टर. बाजारातले पीव्हीसीचे फोल्डर मुळीच नकोत, ते वेळेने चिकट होतात आणि अक्षरं ओढून घेतात.

पैसे कमी असतील, आणि ते असतातच, तर आधी चांगला कागद घ्या, पेटी नंतर. कागदाला थेट लागतं ते आतलं वेष्टण. चार पाकळ्यांचं वेष्टण कापायला आणि घडी घालायला मला एका आठवड्यात हात बसला. माप कागदाचं घ्यायचं, पुडक्याचं नव्हे, आणि जाडीची जागा घड्यांमध्ये सोडायची. नवशिके इथेच चुकतात आणि वेष्टण मधून फुगतं. पेटी ठासून भरली तर कागद काढताना फाटतो, अर्धी रिकामी ठेवली तर कागद वाकतात. उरलेल्या जागेत पुठ्ठ्याचा ठोकळा घाला. आणि पेटी एका माणसाला वरच्या फळीवरून निर्धास्त उतरवता येईल एवढीच जड असू द्या.

ऋतू बघून काम आखा, हे मला कुठल्याच वर्गात कुणी सांगितलं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की घट्ट घडी उघडताना कागद कडकडतो. पावसाळ्यात कागद मऊ होतो, उलगडायला सोपा वाटतो, पण तो ओल पिऊन बसलेला असतो. तसाच पेटीत बंद केला तर आत बुरशी धरते. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत असावी म्हणतात. श्रावणात बिनएसीच्या खोलीत ती सहज ऐंशीच्या वर जाते. म्हणून पावसाळाभर आम्ही मोजमाप, याद्या आणि वेष्टणं कापण्याचं काम करायचो आणि कागद पेटीत जायचे दिवाळीनंतर. घडी घट्ट असेल तर ओलाव्याचे प्रयोग स्वतः करू नका. इंग्रजी अमदानीच्या फायलींतल्या लोहयुक्त शाईला तर ओल लागूच देऊ नका. ती कागद कुरतडत असते आणि ओलाव्याने तिचा जोर वाढतो.

शिकायचं कुठे? दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीजमध्ये एक वर्षाची पदविका चालायची, आणि दुरुस्ती व जतन यांचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रमही. पण महाराष्ट्रात काम करायचं असेल तर मोडी आधी शिका. राज्याचं पुराभिलेख खातं आणि काही संस्था वर्ग घेतात. मोडी येत नसेल तर पाठीवरचा शेरा आणि चिठ्ठीवरचा आकडा तुम्हाला दिसतो, वाचता येत नाही, आणि मग नोंद चुकते. पगाराचं खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं कंत्राटी प्रकल्पांवर जातात. पाठ आणि डोळे सांभाळा. दर अर्ध्या तासाने उभं राहण्याचा नियम मला उशिरा कळला.

शेवटचं काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, आणि मला तेच सर्वांत प्रिय आहे : जुना रुमाल क्रमांक आणि नवा पेटी क्रमांक यांची जोडयादी. आमच्याकडे एक अभ्यासक आल्या होत्या. हातात जुन्या पुस्तकाच्या तळटीपेची झेरॉक्स, त्यावर फक्त रुमाल आणि पुडक्याचा आकडा. सगळे रुमाल तोवर सुटले होते, लाल कापडं धुऊन, वाळवून वेगळ्या कपाटात गेली होती. मी यादी उघडली, आकड्यावर बोट ठेवलं, समोरचा पेटी क्रमांक वाचला आणि फळीवरून ती पेटी उतरवली. पत्र तिसऱ्या वेष्टणात होतं, आणि त्याच्याबरोबर पॉलिएस्टरच्या पाकिटात गाठीत सापडलेली ती चिठ्ठी.