सुरुंग शोधणारा स्वस्तातला रोबो, सोसायटीच्या मागच्या मातीत

आधीच सांगतो, हे खऱ्या सुरुंगांसाठी नाहीये, ते ट्रेनिंग घेतलेल्या लोकांचं काम. आपण फक्त सराव करणार. आणि दिघीच्या डीआरडीओ लॅबने बनवलेला दक्ष रोबो डोळ्यासमोर असेल तर तो बॉम्ब निकामी करणारा, आपल्या खिशाबाहेरचा.

चार चाकांची प्लास्टिकची चॅसिस घ्या, वजन 2 किलोच्या आत ठेवा, कारण काही सुरुंग 5 किलोच्या दाबानेही उडतात, म्हणून तर कंबोडियात मगावा नावाचा उंदीर ह्या कामाला लावला होता आणि पठ्ठ्याने 2020 मध्ये सोन्याचं मेडल पण मिळवलं. पुण्यात तापकीर गल्लीत वाइंडिंगची तार विचारा, अर्धा मिलिमीटर जाडीची, 20 सेंटीमीटर व्यासाच्या डब्याभोवती साधारण 25 वेढे मारा आणि पल्स इंडक्शनच्या, म्हणजे धातू शोधणाऱ्या मेटल डिटेक्टरच्या किटला जोडा. ही कॉइल पीव्हीसी पाइपवर पुढे काढायची, चाकांपासून निदान 40 सेंटीमीटर लांब. तिथे स्क्रू एकही नको, प्लास्टिकचे टायच. मी एक बारका स्क्रू राहू दिला, दोन संध्याकाळी वाया गेल्या, रोबो स्वतःलाच सुरुंग समजून बोंबलत होता.

मोटर चालू असताना रीडिंग नाचतं, म्हणून 5 सेंटीमीटर पुढे, मोटर बंद, रीडिंग, मग परत पुढे. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

खरी डोकेदुखी आपली माती. बसाल्टची असल्याने तिच्यात चुंबकीय खनिजं असतात, कॉइल जरा खालीवर झाली की बीप. मी कॉइलखाली जुनी प्लास्टिकची थाळी चिकटवली, ती मातीवरून घसरत जाते आणि उंची तेवढीच राहते. आधी रिकाम्या पट्ट्यावर फिरवून तिथलं रीडिंग शून्य धरायचं.

पुरायला बाटलीची झाकणं नकोत, ती कुणालाही सापडतात. बऱ्याच सुरुंगांत धातू नावालाच असतो, म्हणून साबणाच्या डबीत बॉलपेनची स्प्रिंग ठेवून पुरा. सुरुंग काढणारे साधारण 13 सेंटीमीटरपर्यंत जमीन तपासतात, माझ्या रोबोला 5 वर कशीबशी कळली, 13 वर ठणठणगोपाळ.

मोबाइलचं जीपीएस काही मीटर चुकतं, त्यामुळे दोऱ्या ताणून पट्टे आखा आणि बीप झाला तिथे रांगोळीची चिमूट टाका. खोटे बीप झाले तर होऊ द्या, वहीत चुकलेल्या डब्या आधी मोजा. आणि कुठे काय पुरलंय ते लिहून ठेवा हो, आमची एक डबी अजून सापडलेली नाही आणि माळीकाका रोज विचारतात.