टी-३४ वरचा झिजलेला हिवाळी पांढरा रंग

दुसऱ्या महायुद्धात टी-३४ सारख्या सोव्हिएत रणगाड्यांच्या हिरव्या रंगावर हिवाळ्यात पाण्याने धुऊन निघणारा पांढरा रंग फासत. तो झिजून खालचा हिरवा डोकावायचा. १/३५ मापाच्या मॉडेलवर हे हेअरस्प्रेने उत्तम साधतं: दोन रंगांमधला हेअरस्प्रे पाण्याने विरघळतो आणि वरचा पांढरा सुटतो.

आधी हिरवा लॅकर (पाण्याने न सुटणारा, थिनरवाला रंग) मारून २४ तास वाळू द्या. मग साधारण २० सेंमी अंतरावरून हेअरस्प्रेचे दोन पातळ हात द्या. महागडा लागत नाही. ओघळ आला की वरचा रंग तडकतो. १५ मिनिटांनी पांढरा ॲक्रिलिक रंग एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या यंत्राने) मारा, पण पाण्यानेच पातळ करून. लॅकर थिनर घातलंत तर रंग खालच्या थराला चिकटून बसतो, मग बसा घासत!

अर्ध्या तासात कामाला लागा. जुना ब्रश कोमट पाण्यात बुडवून एका जागी फिरवा, मिनिटभर थांबा, मग हलकेच घासा. हॅचच्या (आत शिरायच्या झाकणांच्या) कडा आणि सैनिक पाय देऊन चढतात त्या जागा जास्त घासा, तोफ असलेल्या फिरत्या बुरुजाच्या बाजू कमी. पापुद्रे निघाले तर पांढरा थर जाड झालाय. बारीक ओरखड्यांना टूथपिक.

वाळल्यावर मॅट वार्निश माराच, नाहीतर ओलं बोट लागलं तरी पांढरा सुटतो. माखलेला चिखल त्यानंतर.