डब्यातल्या डाळीपिठांचं उटणं, केसांसाठी शिकेकाई आणि टाचांसाठी कोकमतेल

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचा घोळ वाचेल. स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी मळ आणि तेल छान निघतं, कोरडी त्वचा मऊ होते, केस स्वच्छ होतात, बस. रंग उजळणं, जुने डाग जाणं, पिंपल्स कायमचे बरे होणं हे बेसनाचं काम नाही. आपला रंग त्वचेतल्या मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो, तो चोळून निघत नाही आणि काढायची गरजही नाही. हे मी मुद्दाम पहिलंच लिहितेय कारण बारा-तेरा वर्षांच्या मुली 'गोरं होण्यासाठी' रोज तोंडाला लिंबू चोळतात हे बघून खरंच वाईट वाटतं.

आता उटणं. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लावतो तेच, पण ते वर्षभर वापरायला काहीच हरकत नाही. एक वाटी मसूर डाळ ओल्या फडक्याने पुसून घ्या, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मिक्सरला अगदी बारीक करा. त्यात एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाची पिठी आणि अर्धा चमचा आंबेहळद, आंबेहळद नसेल तर साधी हळद पाव चमचा, जास्त नको नाहीतर दोन दिवस पिवळं तोंड घेऊन ऑफिसला जावं लागेल. थंडीत नागपुरी संत्री येतात तेव्हा सालं वाळवून ठेवा, त्यांची चमचाभर पूड घातली की वास मस्त येतो. वाळा नि नागरमोथा हवा असेल तर काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पण त्यावाचून अडत नाही.

यातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळेजण टाळतात ती गोष्ट म्हणजे हे सगळं वस्त्रगाळ करायचं. पिठाची चाळणी पुरत नाही, जुन्या मऊ सुती ओढणीतून किंवा मलमलच्या फडक्यातून गाळा, वर राहिलेला रवाळ भाग अंगाला किंवा तळव्यांना वापरा, चेहऱ्याला नको. मिक्सरमधल्या डाळीच्या कण्या टोकदार असतात, त्याने बारीक ओरखडे पडतात आणि मग त्यावर हळद-दही काहीही लागलं की चुरचुरतं. साखर किंवा कॉफीने चेहरा घासतात तेही मी याच कारणाने करत नाही.

हळदीबद्दल अजून एक, सुटी पिवळीधमक हळद नको. रंग यावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळल्याचे प्रकार सापडलेले आहेत, आणि तीच हळद आपण खातोही. हळकुंडं आणून दळून घेतलेली बरी.

वापरताना चमचाभर उटणं तळहातावर घ्या, त्वचा कोरडी असेल तर दुधात किंवा सायीत कालवा, तेलकट असेल तर ताकात किंवा नुसत्या पाण्यात. लावा, ओल्या बोटांनी हलकेच फिरवा आणि ओलं असतानाच धुवा. पॅक पूर्ण सुकून तडे जाईपर्यंत बसायचं आणि मग खरवडून काढायचं ही सवय सोडा, त्याने चेहरा ओढल्यासारखा होतो आणि कोरडी त्वचा अजून कोरडी पडते. आठवड्यातून दोनदा पुरे. पहिल्यांदा लावताना आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा, खाज किंवा लाल चट्टा आला तर ते तुमच्यासाठी नाही, नैसर्गिक आहे म्हणून सगळ्यांना चालतंच असं नसतं.

कोरडं उटणं घट्ट झाकणाच्या बरणीत दोन-तीन महिने आरामात राहतं, फक्त ओला चमचा घालू नका. पण एकदा पाणी, दूध, दही मिसळलं की ते अन्नच झालं, त्यात जंतू वाढतात, उरलेलं टाकून द्या, उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवू नका.

लिंबू आणि खायचा सोडा मात्र चेहऱ्यापासून लांबच. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5 च्या आसपास, लिंबाचा रस जवळपास 2 आणि सोड्याचं पाणी 8 च्या वर, म्हणजे दोन्हीकडून त्रासच. शिवाय लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात गेली की भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि नंतर काळे डाग महिनोन्महिने राहतात, म्हणजे ज्यासाठी लावलं त्याच्या बरोब्बर उलटं. दालचिनी पण नको, आग होते. आणि उन्हासाठी स्वयंपाकघरात काही नाही, खोबरेल तेल सनस्क्रीनचं काम करत नाही, सनस्क्रीन विकतच घ्या.

केसांसाठी रात्री सहा-सात शिकेकाईच्या शेंगा, पाच-सहा रिठे (बिया काढून) आणि मूठभर आवळकाठी लिटरभर पाण्यात भिजत घाला, सकाळी दहा मिनिटं उकळा, कोमट झालं की हाताने कुस्करून गाळा. फेस शाम्पूइतका येणार नाही, तरी मळ निघतो, कारण रिठ्या-शिकेकाईत सॅपोनिन असतं, तेच साबणासारखं काम करतं. डोळे घट्ट मिटून घ्या, लहान मुलांच्या बाबतीत तर फारच सांभाळा, डोळ्यात गेलं की भयंकर झोंबतं. आदल्या रात्री तेल थापलं असेल तर एका धुण्यात निघणार नाही, म्हणून तेल बेताचंच लावा.

कुरळे केस असतील तर जवस घ्या, चटणीला आणतो तेच. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत राहा, सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत, तार सुटणारं होतं, की लगेच गरम असतानाच पातळ कपड्यातून गाळायचं. गार झालं की गाळायला अजिबात दाद देत नाही. हे जेल ओल्या केसांना लावून केस तसेच वाळू द्या. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवा, आंबूस वास आला तर फेका.

थंडीत अंगाला तिळाचं तेल कोमट करून लावा आणि अर्ध्या तासाने उटणं. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं, बाटली गरम पाण्यात ठेवा, गॅसवर नको. पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल लावू नका, रंध्रं बुजतात. ओठांना साजूक तूप, बस.

टाचांच्या भेगांना मात्र कोकमतेलासारखं दुसरं काही नाही. कोकणात मुठेल, गोव्यात भिरंडेल, कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, वळलेल्या गोळ्यांत मिळतं. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा, पुसा, तुकडा पळीत वितळवून सोसेल इतकं गार झालं की भेगांत भरा आणि वर सुती मोजे घाला. भेगेतून रक्त येत असेल किंवा डायबेटीस असेल तर हे घरी करत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

आणि आंघोळ झाली की बाथरूमच्या जाळीवर साचलेलं पीठ हाताने उचलून टाका, बेसन पाइपात जाऊन थर धरतं, आणि तेलाची फरशी साबणाने घासून घ्या, तुमच्यानंतर घरातलं कुणी म्हातारं माणूस आंघोळीला जाणार असेल तर नक्कीच.